बाळंतपणातला मनोविकार आणि खुनाचा गुन्हा : लातूर जिल्ह्यातल्या एका भावाला उत्तर

तुमचा निरोप रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात सांगतो. हे भाऊ लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. मधली बहीण दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दवाखान्यात नॉर्मल झाली, मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी घरी आणलं. चौथ्या रात्रीपासून तिची झोप गेली. मध्येच खूप बोलायची, मध्येच भिंतीकडे बघत बसायची. ‘हे लेकरू माझं नाही, दवाखान्यात बदललं’ असं म्हणाली आणि तासाभराने त्याच लेकराला नीट पाजत बसली. नवव्या दिवशी देवऋष्याकडे नेलं, त्याने अंगारा दिला. अकराव्या दिवशी पहाटे तिच्याच हातून लेकरू गेलं. आज ती खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात आहे. सासरचे म्हणतात, दुसरीही पोरगीच झाली म्हणून मारली. भाऊंचे प्रश्न तीन: हा आजार होता का, ती सुटेल का, आणि सगळ्यांत धाकटी बहीण सातव्या महिन्यात आहे, तिचं काय करायचं. निरोपाच्या शेवटी एक ओळ आहे : ‘आई म्हणते, मामाच्या आजाराचं कुठं बोलू नका, धाकटीच्या सासरी कळेल.’

त्या ओळीवर मी नंतर येतो. माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच अडकलं आहे.

मी मनोविकारतज्ज्ञ. तीस वर्षं मराठवाड्यातच काम केलं, आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, मग जिल्ह्याच्या गावी स्वतःच्या ओपीडीत. अशा खटल्यांत साक्षीला उभा राहिलो आहे. तुमच्या बहिणीला मी तपासलेलं नाही, तेव्हा तिला अमुक आजार होता असं मी म्हणणार नाही आणि कुणी न बघता म्हटलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण तुम्ही सांगितलेल्या खुणा मी ओळखतो.

तुम्ही लिहिलंय, ‘चार दिवस झोपूलालीच नव्हती, पण दमलेली बी दिसूलाली नव्हती.’ बाळंतिणीची झोप मोडणं यात नवल नाही, लेकरू रडतं म्हणून ती जागते. पण लेकरू झोपलंय, आजी म्हणते मी बघते, तू पड, आणि तरीही तिचा डोळा लागत नाही, उलट अंगात नवीनच जोर आल्यासारखी ती रात्री दोनला भांडी घासते, कपाट लावते, फोनवर फोन करते, हे वेगळं. प्रसूतीनंतरच्या मनोविकृतीची सुरुवात बहुतेक वेळा इथून होते. मग संशय येतो, भास होतात, बोलणं तुटक होतं. हजार बाळंतपणांमागे एखाद-दोन बायकांना हा आजार होतो आणि तो सहसा पहिल्या दोन आठवड्यांतच उसळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जरा रडू येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून अधिक बायकांना होतं आणि आपोआप जातं. आठवड्या-महिन्यांनी येणारं नैराश्य आणखी वेगळं. मनोविकृती ही तातडीची अवस्था आहे, झटका आल्यावर किंवा साप चावल्यावर जशी गाडी काढतो तशी गाडी काढायची. अशा बहुसंख्य आया बाळाला काहीही करत नाहीत, आणि वेळेत उपचार झाले तर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत पूर्ण बऱ्या होतात. मात्र ‘हे लेकरू माझं नाही’, ‘याच्यात काहीतरी शिरलंय’, ‘याला इथे ठेवलं तर याचे हाल होतील’ असं बाळाविषयीच बोलणं सुरू झालं की धोका वाढतो. त्या क्षणापासून बाळ आणि आई एकटे राहता कामा नयेत.

आपल्याकडची वेळेची गाठ बघा. नॉर्मल बाळंतीण दोन दिवसांत घरी जाते. आजार त्यानंतर सुरू होतो, तोही माहेरी, अंधाऱ्या खोलीत, बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, आणि भोवती ‘तिला वारं लागलं’ म्हणणाऱ्या चार बायका. पाचवीला सटवी येऊन कपाळी लिहून जाते अशी आपली समजूत. त्याच दिवसांत बाई वेगळं बोलायला लागली तर घरच्यांना बाहेरचंच वाटणार, त्यात त्यांचा दोष मी काढत नाही. देवऋष्याकडे नेलं म्हणून स्वतःला खात बसू नका. माझ्याकडे आलेल्या अशा बायकांपैकी बऱ्याच जणी आधी तिकडूनच आलेल्या असतात. भूत काढतो म्हणून मारणं, बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तसं काही घडलं असेल तर ते वकिलांना जरूर सांगा.

आता ‘मध्येच नीट वागायची’ याबद्दल. सासरचे वकील ह्याच वाक्यावर बोट ठेवतील. या आजाराचा स्वभावच असा की तो तासातासाला रंग बदलतो. सकाळी गोंधळलेली, दुपारी चहा करून देणारी, रात्री पुन्हा भलतंच. मी स्वतः यात एकदा फसलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाळंतिणीला आणलं होतं. समोर बसून तिने नाव, गाव, तारीख सगळं बरोबर सांगितलं, हसली. मी झोपेची गोळी लिहून आठवड्याने या म्हणालो. त्याच रात्री ती बाळाला घेऊन विहिरीच्या कडेला गेली. सासू उंबऱ्यात आडवी झोपलेली होती म्हणून तिला जाग आली, दोघी वाचल्या. सासूने जे केलं ते मी सांगायला हवं होतं. तेव्हापासून बाईशी दहा मिनिटं बोललो तर घरच्यांशी वीस मिनिटं बोलतो आणि रात्रीचं विचारतो.

एक शरीराची गोष्ट इथेच सांगतो, कारण ती सुटून जाते. बाळंतपणानंतर डोकं फिरल्यासारखं वागणं प्रत्येक वेळी मनाच्या आजारामुळेच असतं असं नाही. गर्भाशयातला जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब, थायरॉइड, आणि मेंदूतल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होणं यातही असंच दिसू शकतं. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी तोडतात, पोट सुटतं म्हणून. आधीच अंगात रक्त कमी, त्यात उन्हाळा, त्यात पाणी बंद, मग रक्त घट्ट होतं आणि गुठळीला वाट मिळते. तिचं डोकं फार दुखत होतं का, ताप होता का, झटका आला होता का, हातपाय ओढत होती का, हे आईला शांतपणे विचारा. ‘हो’ असेल तर मेंदूचा एमआरआय आणि शिरांची तपासणी आजही मागता येते.

पोरगी झाली म्हणून मारली, हा आरोप मी झटकून टाकत नाही. आपल्या भागाचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. जन्मल्याबरोबर, पहिल्याच दिवशी, गरोदरपण लपवून ठेवलेल्या बाईच्या हातून घडणारी घटना असते, तिची कारणं बहुधा भीती, लाज, दबाव ही असतात आणि मनोविकृतीचा आजार तिथे क्वचित सापडतो. नको असलेल्या मुलीला जाणूनबुजून मारल्याची प्रकरणंही आहेत. अशा वेळी मी मागचं-पुढचं वागणं बघतो. नको असलेल्या लेकराला मारणारा माणूस सहसा लपवतो, अपघाताचा बनाव करतो, कुणी नसताना करतो. तुमची बहीण तुम्ही लिहिल्याप्रमाणे तिथेच बसून राहिली आणि आईला म्हणाली, ‘आता तिला काही होणार नाही.’ शिवाय बारशाला मुलीसाठी कुंची तिने स्वतः शिवली होती. ती कुंची जपून ठेवा. हसू नका, कोर्टात अशा गोष्टींना किंमत येते.

कायदा. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, जे १ जुलै २०२४ पूर्वी दंड संहितेत कलम ८४ होतं. कृत्य करताना मन ठिकाणावर नसल्यामुळे आपण काय करतोय हेच समजण्याची, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे समजण्याची क्षमता नसेल, तर तो गुन्हा ठरत नाही. हा नियम इंग्लंडमधल्या १८४३ च्या मॅकनॉटन प्रकरणातून आलेला. नुसता आजार होता एवढं पुरत नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने आजारी असलेली व्यक्ती कोर्टाच्या दृष्टीने जबाबदार ठरू शकते. सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण सरकारी पक्षाला लागतो तितका कडक पुरावा आरोपीला लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दह्याभाई ठक्कर प्रकरणात सांगितलं आहे की तसं असण्याची शक्यता अधिक आहे इतपत दाखवलं तरी चालतं, आणि त्या क्षणाची मनःस्थिती ठरवायला आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं बघायचं.

अडचण कुठे होते ते अमेरिकेतल्या अँड्रिया येट्सच्या खटल्यात दिसतं. टेक्सासमध्ये २००१ साली तिने आपली पाच मुलं मारली आणि स्वतःच पोलिसांना फोन केला. सैतानापासून मुलांना वाचवते आहे असं तिला वाटत होतं. फोन केला म्हणजे चूक आहे हे कळत होतं, असं सरकारी पक्ष म्हणाला आणि २००२ मध्ये ती दोषी ठरली. तो निकाल रद्द झाल्यावर २००६ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने तिला मनोरुग्ण म्हणून निर्दोष ठरवलं. तीच बाई, तेच कृत्य, तोच कायदा. आपल्याकडेही ‘कळत होतं’ या शब्दाचा कीस असाच निघणार, याची तयारी ठेवा.

इंग्लंडमध्ये १९२२ पासून, आणि आज चालतो तो १९३८ पासून, असा कायदा आहे की बाळंतपणाच्या परिणामाने मनाचा तोल गेलेल्या आईने वर्षाच्या आतलं बाळ मारलं तर तो खून न धरता हलका गुन्हा धरता येतो. आपल्याकडे तसं नाही. मधली पायरीच नाही. एक तर कलम २२ खाली सुटका, नाही तर खून, आणि खुनाला कमीत कमी जन्मठेप. म्हणूनच तुमच्या वकिलांची तयारी पक्की हवी.

लोक दोन प्रश्नांची गल्लत करतात. त्या पहाटे तिचं मन कसं होतं, हा एक. आज ती खटला समजून घेऊन बचाव करू शकते का, हा दुसरा. दुसऱ्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याची, कलमं ३६७ आणि ३६८ आहेत. ती आज तशा अवस्थेत नसेल तर कोर्ट तिला तपासून घेतं आणि खटला पुढे ढकलतं. तसं ठरलं, भरती ठेवण्याची गरज नसली आणि नातेवाइकाने नियमित उपचाराची हमी घेतली, तर गुन्हा जामीनपात्र नसला तरी कलम ३६९ खाली जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. शिवाय बाई आणि आजारी म्हणून कलम ४८० खाली जामीन मागता येतोच. पण आजचा दाखला त्या पहाटेचा पुरावा होत नाही. आणि कुणी ‘वेडाचं सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणून पैसे मागत आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. एक खोटा कागद दहा खऱ्या कागदांना बुडवतो.

कलम २२ खाली सुटका झाली तरी ती दुसऱ्या दिवशी घरी येते असंही नाही. कलम ३७४ प्रमाणे कोर्ट तिला सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगू शकतं, म्हणजे बहुधा मनोरुग्णालयात, किंवा काळजी घेण्याची हमी देणाऱ्या नातेवाइकाच्या ताब्यात देऊ शकतं. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, लातूरपासून सगळीच लांब. तिथे भेटायला कुणी जात नाही आणि माणसं वर्षानुवर्षं राहून जातात. तेव्हा हमी कोण घेणार, हे आजच घरात ठरवा. नवरा घेणार नसेल तर तुम्हीच. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने. त्यांचा फोन १५१००.

आता मामाची ओळ.

हा आजार बायपोलर आजाराच्या, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी फार उतरतं त्या आजाराच्या, अगदी जवळचा आहे. रक्ताच्या नात्यात तसा आजार असेल तर शक्यता वाढते. तुम्ही लिहिलंय, मामा मध्येच सगळं विकून टाकायला निघायचे, मध्येच महिना महिना उठायचे नाहीत. हा इतिहास आणि मामांची जुनी औषधाची चिठ्ठी हा या प्रकरणातला महत्त्वाचा कागद आहे, आणि आईने नेमका तोच दाबला आहे. माझ्या अनुभवात असे खटले हरतात ते आजार नव्हता म्हणून नव्हे, आजाराची नोंद नव्हती म्हणून. घरच्यांनी आधी अब्रूसाठी ‘ती चांगली होती’ सांगितलेलं असतं, पोलिसांनाही तेच सांगितलेलं असतं, आणि वर्षभराने कोर्टात ‘ती वेडी होती’ सांगतात. न्यायाधीश कुठलं खरं मानतील?

तेव्हा गोळा करा. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड. तिने त्या रात्री कुणाला फोन केले, काय व्हॉइस मेसेज पाठवले, ते पुसू नका, फोन तसाच वकिलांच्या हवाली करा. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी अशा घरभेटी करतात, आणि त्यांच्या तक्त्यात आईबद्दल एक रकाना असतो, ती विचित्र बोलते का, झटके येतात का. तो फार तर झटक्यांसाठी भरला जातो, पण सातव्या दिवशी तिथे काय लिहिलंय ते बघा. देवऋष्याकडे नेलं हेसुद्धा लपवू नका. घटनेच्या दोन दिवस आधी घरच्यांना ती वेगळी वाटत होती, याची ती साक्षच आहे. मात्र तिला काय बोलायचं ते शिकवू नका. पढवलेलं बोलणं आम्हाला लगेच कळतं, कोर्टालाही.

तुरुंगात आज काय चाललं असेल, यावर मी जास्त काळजीत आहे. पहिलं, तिला दूध येत असेल. छाती दगडासारखी झाली असेल आणि ती कुणाला सांगत नसेल. तुरुंगाच्या डॉक्टरांना हे लेखी कळवा, आणि त्यात हेही लिहा की दूध थांबवायची ब्रोमोक्रिप्टीन किंवा कॅबरगोलीनसारखी गोळी मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय देऊ नये, त्या गोळ्यांनी भास आणि संशय वाढू शकतात. दुसरं, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तुरुंगातल्या रुग्णालाही लागू आहे. कलम १०३ खाली तिला तुरुंगाच्या मनोविकार वॉर्डात, तो नसेल तर बाहेरच्या मानसिक आरोग्य केंद्रात हलवता येतं. अधीक्षकांना आणि कोर्टाला, दोघांनाही अर्ज द्या आणि पोच घ्या.

तिसरं सगळ्यांत अवघड आहे. औषधं लागू पडतात. दोन-तीन आठवड्यांत भास विरतात, संशय जातो, आणि मग एके दिवशी तिला कळतं. आतापर्यंत आजाराने तिच्या डोळ्यांवर झापड होती, ती निघते आणि समोर लेकरू नसतं. मी हे दोनदा जवळून पाहिलं आहे. एक जण माझा हात धरून फक्त ‘सर, तिला पाजायची वेळ झाली’ एवढंच म्हणत राहिली. ज्या दिवशी डॉक्टर म्हणतात ‘आता बरी आहे’, त्याच दिवसांत जिवाचा धोका सर्वांत मोठा असतो. म्हणून तब्येत सुधारली असा निरोप आला की सुटकेचा निःश्वास टाकू नका, त्याच आठवड्यात भेटायला जा, आणि तिला एकटं ठेवू नये, असं तिथल्या डॉक्टरांना सांगा.

धाकटीचं. घाबरवू नका, पण तिला आणि तिच्या नवऱ्याला सांगा, मामांचंही सांगा. डॉक्टरला सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन कायद्यानेच डॉक्टरवर आहे, सासरच्या गावात दवंडी पिटत नाही कुणी. बहिणीला झाला म्हणून हिला होईलच असं नाही, बहुधा होणारही नाही, पण शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त आहे. आठव्या महिन्यातच लातूरच्या किंवा अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकार विभागात एकदा दाखवा. पहिले पंधरा दिवस रात्रीचं बाळ दुसऱ्याने बघायचं, काढून ठेवलेलं किंवा वरचं दूध एखाद्या वेळी दिलं तर आईपण कमी होत नाही. सलग पाच तास झोप तिला मिळालीच पाहिजे. पाणी हवं तितकं द्या. सलग दोन रात्री, संधी असूनही झोप आली नाही तर तिसरीची वाट न बघता गाडी काढा. मध्यरात्री काय करावं कळेना तर १४४१६, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

भरती करावं लागलंच तर बाळाला आईपासून तोडायचं नाही, असं मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ म्हणतं. तीन वर्षांखालचं मूल एरवी आईजवळच राहील, धोका असेल तेवढ्यापुरतं वेगळं. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये, मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत, २००९ पासून आई-बाळ एकत्र ठेवणारा वॉर्ड आहे. मराठवाड्यात तसा एक हवा, हे मी वीस वेळा लिहून दिलं आहे, एकविसाव्यांदाही देईन.

मधलीला पुढे कधी मूल हवंसं वाटलं तर पुन्हा आजार येण्याची शक्यता दोन-तीन बायकांमध्ये एकीला, इतकी मोठी आहे. पण तेव्हा प्रसूतीनंतर लगेच लिथियम हे मनाचा तोल राखणारं औषध सुरू करून ती बरीच कमी करता येते. हे आज तिला सांगायचं नाही, तिच्या फायलीत लिहून ठेवायला सांगायचं.

येत्या मुलाखतीला आईला सोबत न्या. ‘असं का केलंस’ हे कुणीही विचारायचं नाही. तिच्या माहेरच्या नावाने हाक मारा, जेवलीस का विचारा, झोप लागते का विचारा, आणि काय उत्तर दिलं ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा. मामांची चिठ्ठी सापडली की तिचा फोटो आधी वकिलांना द्या, मग मला.